एका बटणाची बॅटरी आणि मामांचा अंगठा

निफाड तालुक्यात गोदाकाठाला मामांची द्राक्षबाग आहे. शेतीची थ्री-फेज लाईट तिकडे काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की मोटार चालू करायला विहिरीवर जावं लागतं आणि हातात बॅटरी लागते. शहरात टॉर्च म्हणतात, पुस्तकात विजेरी लिहितात. मामांकडे ती बॅटरीच, आणि तिच्यात घालतात ते सेल. बागेला लागून ऊस आहे. उसात बिबट्या दिसला तर गावात आता कोणाला नवल वाटत नाही, भीती मात्र वाटते.

मागच्या हिवाळ्यात मी त्यांना नाशिकच्या मेन रोडवरून एक नवी बॅटरी घेऊन दिली. मुठीत मावणारी, धातूची, चार्जिंगची. खोक्यावर लुमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, मोठ्ठा आकडा आणि त्याखाली ‘५ मोड’, म्हणजे उजेडाचे पाच प्रकार. चौथ्या दिवशी सकाळीच फोन.

“भाच्या, ही तुझी बॅटरी घेऊन जा.”

“का हो मामा, उजेड कमी पडतो का?”

“उजेड लई आहे रे. पण तो कधी येईल त्याचा नेम नाही.”

झालं असं होतं. रात्री साडेबाराला मामा बांधावरून चालले होते. चांदणं होतं म्हणून बॅटरी बंद. उसात काहीतरी खसफसलं. मामांनी बॅटरी तिकडे रोखली, बटण दाबलं, तर उजेड लग्नाच्या वरातीतल्या लाईटसारखा फडफडायला लागला. बंद करून पुन्हा दाबलं, तर तीन बारीक लुकलुक, तीन लांब, पुन्हा तीन बारीक. तिसऱ्या वेळी एकदाचा सरळ झोत पडला आणि उसातून गावातलंच कुत्रं बाहेर आलं. “मी उसाकडं बघू, का बटणं मोजत बसू?” मामांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता गंमत बघा. हेच मामा पुढे जाऊन विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत हात घालून, न बघता मोटार चालू करतात. स्टार्टरला दोन बटणं. हिरवं दाबलं की मोटार चालू, लाल दाबलं की बंद. वीस वर्षांत त्यांची एकदाही चूक झालेली नाही. मोटारीसारखं दांडगं यंत्र अंधारात बिनचूक चालवणारा माणूस वीतभर बॅटरीपुढे अडाणी कसा ठरतो?

मी सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पॅनल, स्टार्टर, पुशबटणं हा माझा रोजचा धंदा. तरी हा प्रश्न मला मामांच्या फोनआधी कधी पडला नव्हता, ही खरं तर लाजेची गोष्ट आहे.

दोन बटणं आणि एक बटण

स्टार्टरची खुबी अशी की प्रत्येक बटणाला एकच अर्थ आहे. मोटार आधीच चालू असताना हिरवं पुन्हा दाबलंत, तरी काही बिघडत नाही. ती चालूच राहते. घाबरून लाल तीनदा दाबलंत, तरी मोटार बंद ती बंदच. आत्ता मोटारीची काय अवस्था आहे हे आठवण्याची गरजच पडत नाही. आमच्या कारखान्यातल्या पॅनलवर आणखी एक बारकावा असतो. चालू करायचं बटण कड्याच्या आत, सपाटीला असतं, म्हणजे कोपर लागून यंत्र सुरू होऊ नये. आणीबाणीचं लाल बटण मात्र भुईछत्रासारखं बाहेर आलेलं, म्हणजे तळहाताने कसंही थापटलं तरी लागावं. बटण वाचावं लागत नाही, हाताला कळतं.

बॅटरीत एवढी चैन नाही. जागा बोटभर, पाणी आत जायला नको, किंमतही आटोक्यात हवी. म्हणून बहुतेकींना एकच बटण. आणि त्या एका बटणाने चालू करायचं, बंद करायचं, उजेड कमी-जास्त करायचा, शिवाय लुकलुकही. एक शब्द घेऊन पाच वाक्यं बोलायची म्हटल्यावर फरक कशात करायचा? दोनच गोष्टी उरतात: किती वेळा दाबलं, आणि किती वेळ दाबलं. बॅटरीचं बटण वापरायला सोपं की अवघड, हे सगळं या दोन गोष्टी कशा वाटून दिल्यात त्यावर ठरतं.

जुन्या पितळी बॅटरीत हा प्रश्न नव्हता, कारण तिला बटणच नव्हतं, सरकता खटका होता. खटका पुढे म्हणजे चालू, मागे म्हणजे बंद. बंद बॅटरी हातात घेतली की अंगठ्याला कळायचं, ती कुठल्या अवस्थेत आहे. अवस्था डोक्यात ठेवायची नाही, खटक्यातच ठेवलेली. बऱ्याच बॅटऱ्यांना त्या खटक्यावरच एक छोटी कळही असायची. ती दाबून धरली तेवढाच वेळ उजेड, सोडली की अंधार. लांबच्या माणसाला इशारा द्यायला.

इशाऱ्याची ती कळ खरं तर या सगळ्याची मूळ मालकीण. हातात धरायच्या नळकांडी बॅटरीचं पेटंट १८९९ साली अमेरिकेत डेव्हिड मिसेल यांच्या नावे निघालं. त्या काळचे सेल इतके दुबळे आणि दिवे इतके खादाड होते की सलग उजेड मिळायचाच नाही. क्षणभर चमकवायचं, बघून घ्यायचं, सेलला दम खाऊ द्यायचा. इंग्रजीतलं फ्लॅशलाईट हे नाव त्या चमकवण्यावरूनच पडलं. ‘बॅटरी चमकव जरा’ असं आपल्याकडे अजूनही म्हणतात. सव्वाशे वर्षांनंतर सेल दांडगे झाले, पण रोजच्या वापरातलं निम्मं काम आजही तेच आहे: दोन सेकंद चमकवायचं आणि विझवायचं.

खटका कुठे लागतो

आता बॅटरीच्या शेपटीकडचं रबरी बटण घेऊ. बाहेरून सगळी सारखी दिसतात, आत दोन जाती आहेत, आणि दुकानात हा फरक कोणी सांगत नाही.

घरातला मिक्सर आठवा. गोल बटण उजवीकडे फिरवलं की एक, दोन, तीन. तिथे ठेवलं की तिथेच राहतं. डावीकडे फिरवून धरलं की धरलं तेवढाच वेळ फिरतं आणि हात सोडला की आपोआप मधे येतं. चटणी जाडसर हवी असेल तेव्हा आई डावीकडचं वापरते, कारण तिला ताबा हवा असतो. कारखान्यात यालाच इंचिंग म्हणतो: बटणावर बोट आहे तोवरच यंत्र हलणार.

शेपटीच्या बटणाची पहिली जात अशी इंचिंग देणारी. व्यवसायातल्या बोलीत फॉरवर्ड क्लिकी. अर्धवट दाबलं, खट् आवाज यायच्या आधीच, की उजेड पडतो. सोडलं की विझतो. चालूच ठेवायची असेल तर जोर लावून खट् होईपर्यंत दाबायचं. म्हणजे हलका दाब हा तात्पुरता अर्थ, पूर्ण दाब हा कायमचा अर्थ. हे कोणाला शिकवावं लागत नाही; हाताचा जोर आणि मनातली इच्छा एकाच दिशेने जातात.

दुसरी जात उलटी, रिव्हर्स क्लिकी. इथे दाबताना काहीच होत नाही. पूर्ण दाबून, खट् होऊन, बोट उचललं की मग उजेड. स्प्रिंगच्या बॉलपेनसारखं: दाबताना रिफिल पार पुढे जाते, पण लिहायच्या जागी अडकून बसते ती बोट उचलल्यावर. चालू झाल्यावर अर्धवट दाबलं की वीज क्षणभर तुटते, आणि त्या तुटण्यालाच बॅटरी ‘पुढचा मोड’ असा हुकूम समजते. यात चमकवायची सोय नाही. तरीही स्वस्त आणि मोड बदलणाऱ्या बॅटऱ्यांत हीच जात जास्त सापडते, कारण चालू असताना मोड बदलायला ती सोयीची पडते. फॉरवर्ड जातीत त्यासाठी आधी बॅटरी बंद करावी लागते.

इथे एक मजेशीर अडचण येते. शेपटीचं बटण सेलची वीज सरळ तोडतं. म्हणजे आतल्या चिमुकल्या संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक दाब हा मृत्यू आणि पुनर्जन्म. वीज परत आली की मधे किती वेळ गेला हे त्याला कळत नाही. मग त्याला कळणार कसं की मालकाने मोड बदलायला पाव सेकंद दाबलं होतं, का काल रात्री बंद करून आज पुन्हा लावली?

चांगल्या बॅटरीत याला एक साधा उपाय असतो. तळाला बारीक भोक असलेली बादली डोळ्यांसमोर आणा. वीज आहे तोवर बादली भरलेली. वीज गेली की ती गळायला लागते. वीज परत आल्यावर संगणक पहिलं काम करतो ते बादलीत डोकावण्याचं. पाणी शिल्लक आहे? म्हणजे आत्ताच गेलो होतो, मालकाला पुढचा मोड हवाय. कोरडी आहे? म्हणजे बराच वेळ झाला, पहिल्यापासून सुरू करू. ही बादली म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा कपॅसिटर. काही बॅटऱ्यांत तोही नसतो. संगणकाच्या आतल्या तात्पुरत्या स्मृतीत वीज गेल्यावर क्षणभर जे उरतं, त्यावरच अंदाज बांधतात.

मामांच्या बॅटरीत बादली नव्हती. बनवणाऱ्याने सगळ्यात सोपा मार्ग घेतला होता: वीज आली की मागच्या वेळच्या पुढचा मोड लावायचा, मधे पाव सेकंद गेला की आठ तास, बघायचंच नाही. मोड ओळीने होते जास्त, मध्यम, कमी, फडफड आणि एसओएस, म्हणजे संकटात मदत मागायची लुकलुक. आदल्या रात्री मामांनी कमी उजेडावर बंद केली. दुसऱ्या रात्री पहिल्या दाबाला फडफड येणार हे तेव्हाच ठरून गेलं होतं. माणूस आदल्या रात्री काय केलं हे लक्षात ठेवील, अशी त्या बॅटरीची अपेक्षा. मी स्वतः दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा तसंच.

कोणत्या मोडमध्ये आहोत?

या चुकीला नाव आहे. तीच कृती, पण यंत्र वेगळ्या अवस्थेत असल्यामुळे परिणाम वेगळा. याला मोडची चूक म्हणतात. फोनवर मराठी कीबोर्ड लागलेला असताना बँकेचा पासवर्ड टाकायला जाऊन आपण सगळे तीच चूक करतो. कट-कॉपी-पेस्ट आपल्या बोटांवर बसवणाऱ्यांपैकी एक, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात काम केलेले लॅरी टेस्लर, यांनी मोडविरुद्ध जन्मभर मोहीम चालवली. त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही ‘नो मोड्स’ लिहिलेलं होतं. त्या काळच्या संगणकात एकच कळ कधी अक्षर उमटवायची, तर कधी हुकूम समजून मजकूर उडवायची. चूक माणसाची नाही, एका कळीला दोन अर्थ देणाऱ्याची, असं त्यांचं म्हणणं.

बॅटरीत मोड टाळता येत नाहीत, पण त्यांचं जाचकपण कमी करता येतं. नेहमी लागणारे उजेड जवळ ठेवायचे, क्वचित लागणारे लांब. फडफड आणि एसओएस रोजच्या फेरीत असणं म्हणजे जेवायच्या ताटात मिठाशेजारी उंदराचं औषध वाढण्यासारखं आहे. ते असू दे ना, पण फडताळात. तरी फेरीत का घालतात? माझ्या मते उत्तर खोक्यावर आहे. ‘५ मोड’ हे ‘३ मोड’पेक्षा जास्त विकलं जातं, आणि दुकानात बॅटरी उजेडातच बघतात.

मोड लक्षात ठेवण्यावर, म्हणजे मेमरीवर, बॅटरीवेड्या लोकांत कायमचा वाद असतो. मागच्या वेळी जो उजेड ठेवला होता तोच पुन्हा लागावा, की दर वेळी ठरलेल्या उजेडानेच सुरुवात व्हावी? दोन्ही बाजूंत दम आहे. एकटा माणूस एकाच कामाला वापरत असेल तर मेमरी बरी. पण घरात बॅटरी चौघं वापरतात. मामींनी गोठ्यात मंद उजेड लावून बंद केली, की विहिरीवर मामांना मंदच मिळणार. खुंटीला टांगलेल्या सार्वजनिक बॅटरीला मेमरी नसलेली बरी, असं माझं मत.

मग सुरुवात कोणत्या उजेडाने व्हावी? इथे डोळ्याचा स्वभाव बघावा लागतो. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि तो सराव एका झगझगीत झोताने क्षणात मोडतो. मी आणि माझे दोन मित्र घोटीवरून बारीला जाऊन, पहाटे सूर्योदयाला पोचायचं म्हणून रात्रीच कळसूबाई चढायला लागलो होतो. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, वर लोखंडी शिड्या. एका शिडीच्या मध्यावर माझ्यापुढच्याने पाय ठेवायची जागा बघायला बॅटरी लावली. तिची सुरुवात सगळ्यात जास्त उजेडाने होती. झोत समोरच्या ओल्या कातळावरून परत आला आणि आम्हा तिघांचेही डोळे गेले. दोन्ही हातांनी शिडी धरून, समोर नुसते हिरवे ठिपके बघत आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे. त्याला हवा होता फक्त पायाखालचा वीतभर उजेड.

उलट मामांना उसाकडे बघायला पहिल्याच दाबात पूर्ण झोत हवा. दोघांचं समाधान एका फेरीत होत नाही. पण बंद असताना एकदा टिचकी म्हणजे नेहमीचा उजेड, दाबून धरलं म्हणजे अगदी मंद आणि दोन टिचक्या म्हणजे पूर्ण, अशी वाटणी केली तर होतं. मधले टप्पे मोजत जायचेच नाहीत, थेट घरात शिरायचं.

उजेडाच्या पायऱ्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १०० लुमेनवरून २०० केले तर खोक्यावर दुप्पट, डोळ्याला थोडंसंच वाढल्यासारखं. उजेड दुप्पट वाटायला प्रत्यक्षात चौपट किंवा त्याहूनही जास्त करावा लागतो. म्हणून १०, १००, १००० अशा पायऱ्या अंगठ्याला तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. ६००, ८००, १००० अशा केल्या तर दाबणाऱ्याला वाटतं, बटण चाललंच नाही. मग तो पुन्हा दाबतो आणि फडफडीत जाऊन पडतो.

हलक्या बटणाची भाषा

अलीकडच्या बऱ्याच बॅटऱ्यांत बटण अंगावर, बाजूला असतं आणि ते वीज तोडत नाही. आतल्या संगणकाला फक्त निरोप देतं. संगणक सतत जागा, म्हणून सेलमधून किंचित वीज सतत खर्च होते. त्या बदल्यात टिचकी, दोन टिचक्या, दाबून धरणं, धरून सोडणं, असं सगळं त्याला समजतं.

समजतं म्हणजे काय, ते जवळून बघण्यासारखं आहे. बटण दाबल्यावर आतले धातूचे दोन तुकडे एकदम नीट टेकत नाहीत. टाकलेला चेंडू उसळावा तसे काही मिलिसेकंद थरथरतात. संगणक इतका चपळ की त्याला ते पाच-सहा दाब वाटतील. म्हणून थरथर थांबेपर्यंत तो कानाडोळा करतो. हे नीट केलं नसेल तर एका टिचकीला बॅटरी लागून लगेच विझते आणि आपण सेलला शिव्या घालतो.

त्याहून अवघड प्रश्न वाट बघण्याचा. एक टिचकी आली. दुसरी येणार आहे का? आली तर अर्थ वेगळा. म्हणून संगणकाला साधारण पाव ते अर्धा सेकंद थांबणं भाग आहे. थांबला तर माणसाला बॅटरी मंद डोक्याची वाटते. न थांबला तर दोन टिचक्यांचा अर्थ हरवतो. चांगले प्रोग्रामर यातून एक वाट काढतात: पहिल्या टिचकीला उजेड लगेच लावायचा, दुसरी आलीच तर त्यात बदल करायचा. उजेड लागला की माणसाचा जीव भांड्यात पडतो, पुढच्या बदलाला पाव सेकंद लागला तरी तो कुरकुरत नाही. घरातही तसंच नाही का? हाक मारल्यावर ‘ओ’ लगेच यावी, काम सावकाश झालं तरी चालतं.

या भाषेचा सगळ्यात नावाजलेला नमुना म्हणजे अँडुरिल नावाचं मुक्त सॉफ्टवेअर. टॉयकीपर या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामरने ते लिहिलं आणि अनेक छोट्या कंपन्यांच्या बॅटऱ्यांत ते येतं. त्यात एक टिचकी म्हणजे चालू, पुन्हा एक म्हणजे बंद. चालू असताना दाबून धरलं की उजेड पायऱ्या न लागता सुरळीत चढत जातो. सोडून लगेच पुन्हा धरलं की उतरतो. बंद असताना धरलं तर सगळ्यात मंद, दोन टिचक्यांना सगळ्यात जास्त. तीन टिचक्या मारल्या की ती सेलची ताकद लुकलुकून सांगते: चार लुकलुक, थोडं थांबून एक, म्हणजे ४.१ व्होल्ट. चार टिचक्यांना कुलूप.

यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे नव्या आवृत्तीत दोन रूपं आहेत, एक साधं आणि एक प्रगत. साध्या रूपात फडफड सापडतच नाही. प्रगत रूपात जायला दहा वेळा दाबून दहाव्या वेळी धरून ठेवावं लागतं, आणि हे चुकून कोणाच्या हातून होत नाही. म्हणजे बॅटरी दुसऱ्याच्या हातात बिनधास्त देता येते. मात्र प्रगत रूपाचा तक्ता पाहिला तर तो रेल्वेच्या वेळापत्रकासारखा आहे, हेही सांगतो. मला तो पाठ आहे. त्याचा अभिमान वाटावा की कीव, हे घरच्यांनी ठरवायचं.

चार टिचक्यांचं ते कुलूप काय कामाचं? बटण हलकं असलं की पिशवीत आपोआप दाबलं जातं. दमदार बॅटरी खिशात पूर्ण उजेडावर लागली तर कापड करपतं, मांडीला चटका बसतो. अँडुरिल नसेल तर साधा उपाय: शेपटीची टोपी पाव आटा सैल करायची. बहुतेक चांगल्या बॅटऱ्यांत तेवढ्याने वीज तुटते, कारण आट्यांवरचा मुलामा वीज वाहत नाही. आयफोनवाल्यांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलाय. कुलूप लागलेल्या पडद्यावरची टॉर्च नुसत्या स्पर्शाने लागत नाही, दाबून धरावी लागते. अर्थात फोनची टॉर्च विहिरीवर नेऊ नये. गुळगुळीत काचेवरचं बटण ओल्या बोटाला सापडत नाही, आणि फोन विहिरीत पडला की दोन्ही गेलं.

बटण सापडण्यावरून आठवलं. बाजारातल्या बॅटऱ्यांचा आणखी एक दोष मला उशिरा दिसला. अंगावरच्या बटणाच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला चार्जिंगच्या भोकावर रबरी झाकण असायचं, बटणाएवढंच, तसंच मऊ, असा प्रकार बाजारात सर्रास आहे. मामांची शेपटीच्या बटणाची होती म्हणून यातून सुटली. पण बदली म्हणून मी जी दुसरी बघत होतो तिच्यात तो होता, आणि दुकानातच मी दोनदा झाकण दाबलं. गोल नळकांड्याला वर-खाली नसतं. बटण तरी उचललेलं हवं, किंवा अंगठ्याला लागेल असा एखादा सपाट पट्टा हवा, नाहीतर अंधारात बॅटरी फिरवत बसायचं. थंडीत पारा घसरला की द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. त्या वेळी बोटं इतकी बधिर झालेली असतात की खट् झालं की नाही हे कानालाच विचारावं लागतं.

शेवटी मामांनाच नाशिकला आणलं. रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानात काउंटरवर सहा बॅटऱ्या मांडल्या. दुकानदार लुमेन सांगत होता. मी म्हटलं, “मामा, डोळे मिटा.” एकेक बॅटरी उलटसुलट त्यांच्या हातात दिली आणि एवढंच सांगितलं की लावा, मंद करा, बंद करा. पहिल्या तिनांत मामा चाचपडले. चौथी रिव्हर्स खटक्याची निघाली. पाचवीला त्यांचा अंगठा सरळ शेपटीवर गेला, हलका दाब, भिंतीवर उजेड, बोट सुटलं, अंधार. पुन्हा हलका दाब. मग जोरात, खट्. मंदचा मोड तिला नव्हताच. एकच उजेड, मध्यम. दुकानदार म्हणाला, “काका, ही साधी आहे, हिच्यात काही फीचर नाही.”

मामांनी डोळे उघडले. “लुकलुक?”

“नाही.”

“हीच दे. आन् त्या भाच्याच्या बॅटरीचं काय करायचं? ती मामीनं बोराच्या झाडाला टांगलीये, फडफड लावून. रानडुकरं येत नाहीत म्हणते.”